लांबलचक वैद्यकीय शब्द फोडताना या चुका टाळा

'कोलिसिस्टेक्टमी' हा शब्द रोमन लिपीत पहिल्यांदा समोर आला की तोंडातून हमखास 'चो' निघतो. ग्रीक मुळाच्या शब्दांत स्पेलिंगमधल्या 'सीएच'चा उच्चार 'क' होतो, हे आधी पक्कं करा.

खरी गफलत पुढे होते. कोलि म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, एक्टमी म्हणजे कापून काढणं. अर्थ लागायला फोड इथेच हवी. पण बोलतानाही 'सिस्ट'पाशी थांबलात तर शब्द तुटतो. 'निरर्थक'ची फोड निर् + अर्थक अशी असली तरी आपण म्हणतो नि-रर्-थक; र् पुढच्या अ ला जाऊन मिळतो. इथेही ट् पुढच्या ए ला मिळतो: को-लि-सिस्-टेक्-ट-मी. अर्थाची फोड आणि उच्चाराची फोड वहीत एकाखाली एक लिहा.

असे शब्द सुरुवातीपासून घोकू नका. पहिले तुकडे पाठ होतात आणि शेवटी धांदल उडते. उलटीकडून या: टमी, टेक्टमी, सिस्टेक्टमी, मग पूर्ण शब्द. मला हाच उपाय सगळ्यांत भरवशाचा वाटतो.

मराठीच्या सवयीने आपण सगळी अक्षरं सारख्याच जोराने म्हणतो. इंग्रजीत तसं चालत नाही. 'इलेक्ट्रोकार्डिओग्रॅम'मध्ये जोर 'का'वर असतो, 'इलेक्ट्रोकार्डिऑग्रफी'त तो 'ऑ'वर सरकतो. शेवटी 'आयटिस' असेल तर जोर 'आय'वर.

'न्यूमोनिया', 'टोसिस' (पापणी खाली ओघळणं) यांच्या स्पेलिंगमधला सुरुवातीचा 'पी' मुका असतो. म्हणून सगळीकडेच तो गाळू नका. 'हिमॉप्टिसिस', म्हणजे खोकल्यातून रक्त पडणं, यात प स्पष्ट ऐकू आला पाहिजे.

सगळ्यांत जपायचं ते हायपो (म्हणजे कमी) आणि हायपर (म्हणजे जास्त) यांना. घाईत शेवटचं अक्षर गिळलं की रक्तातली साखर घटली की वाढली हेच ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि दोन्हींचे उपचार एकमेकांच्या उलट. 'डिसफेजिया' म्हणजे गिळायला त्रास, 'डिसफेझिया' म्हणजे मेंदूतल्या बिघाडामुळे भाषेत येणारी अडचण. फरक फक्त ज-झचा. आणि 'इलियम' तर लहान आतड्याचा शेवटचा भागही आहे आणि कमरेचं हाडही. स्पेलिंग वेगळं, उच्चार एकच. तिथे कितीही शुद्ध बोललात तरी उपयोग नाही. आतडं की हाड, हे सोबत साध्या शब्दांत सांगा.