लहानग्याचा एक्झिमा: कारण शोधताना या चुका टाळा

आमची लेक सव्वा वर्षाची असताना मी एक वही सुरू केली होती. डाव्या पानावर तिने दिवसभरात काय काय खाल्लं, उजव्या पानावर अंगावर कुठे किती चट्टे. तीन महिन्यांत वहीतला एकही पदार्थ संशयातून सुटला नाही. दूध बंद, अंडं बंद, गहू बंद. तरीही रोज सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे बारीक ठिपके असायचेच. कोपराच्या खळग्यातली कातडी इतकी जाड आणि खरखरीत झाली होती की बाहीचं कापड तिथे अडकायचं.

कारण सापडत नव्हतं, कारण मी उलट्या क्रमाने शोधत होते. आधी कारण शोधू, मग कातडी आपोआप बरी होईल, असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात आधी कातडी शांत करावी लागते, मगच कारण दिसतं. पुढच्या बहुतेक चुका या एकाच गैरसमजातून होतात.

पेटलेल्या कातडीवर तपास करू नका

एक्झिमा, म्हणजे ज्याला आपण इसब म्हणतो, त्यात त्वचेची भिंतच कच्ची असते. फिलॅग्रिन नावाचं प्रथिन ही भिंत घट्ट ठेवतं. त्याच्या जनुकातला दोष आणि एक्झिमा यांचा संबंध २००६ मध्ये स्पष्ट झाला. एक्झिमा असलेल्या प्रत्येक मुलात हा दोष असतोच असं नाही, पण परिणाम सारखाच: आतलं पाणी उडून जातं, बाहेरचं नको ते आत शिरतं, शरीर त्याच्यावर चवताळतं आणि खाज सुटते. बाळ खाजवतं, भिंत आणखी फुटते.

अशा कातडीला सगळंच झोंबतं: घाम, लाळ, कोमट पाणी, लोकर, आंबट फळाचा रस. त्यामुळे ज्याच्यावर बोट ठेवाल ते गुन्हेगार वाटतं. त्यात हा आजार स्वतःच्या लहरीने कमी-जास्त होतो. चट्टे सगळ्यात वाईट असतात त्या दिवशी आपण घाबरून काहीतरी बंद करतो. आठवड्याने ते तसेही उतरणार असतात. श्रेय मात्र बंद केलेल्या पदार्थाला मिळतं. माझ्या वहीत असं पाच वेळा झालं होतं, आणि पाचही वेळा मला खात्री वाटली होती.

म्हणून डॉक्टरांनी दिलेले उपचार आधी पुरेसे आणि सलग करा. चट्टे बसले, बाळ रात्रभर झोपू लागलं, की मग वही उघडा. शांत कातडीवर नवा चट्टा उठला तर तो काहीतरी सांगतो.

“औषध लागूच पडत नाही” म्हणण्याआधी डबा बघा

मी यावर सगळ्यात जास्त भर देईन, कारण आमची गाडी इथेच अडली होती. मॉइश्चरायझरचा ५०० ग्रॅमचा डबा आम्हाला अडीच महिने पुरला. मला वाटायचं, आपण रोज नेमाने लावतोय. अंगभर एक्झिमा असलेल्या मुलाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम लागू शकतं, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी हिशोब केला. आम्ही दिवसाला जेमतेम सात ग्रॅम लावत होतो.

कुठलं मॉइश्चरायझर चांगलं, यात आई-बाप महिनेच्या महिने घालवतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश चाचणीत लोशन, क्रीम, जेल आणि मलम हे चारही प्रकार मुलांमध्ये सारखेच उपयोगी ठरले. म्हणजे जे बाळाला झोंबत नाही आणि तुम्ही खरोखर भरपूर लावाल, ते चांगलं. फक्त ते बिनवासाचं असावं आणि त्यात शेंगदाणा, बदाम यांसारख्या खाद्यपदार्थांचा अंश नसावा. फाटलेल्या कातडीतून अन्न आत गेलं तर शरीर त्याला शत्रू समजायला शिकू शकतं. डब्यात बोटं बुडवू नका, स्वच्छ चमच्याने काढा.

आता स्टिरॉइड, म्हणजे चट्ट्यांचा दाह शमवणारं मलम. भीती मी समजू शकते, मलाही होती. चेहऱ्यावर जोरदार स्टिरॉइड महिनोन्महिने फासलं तर कातडी पातळ होते, हे खरं आहे. पण भीतीपोटी मुगाच्या दाण्याएवढं लावायचं, दोन दिवसांत बंद करायचं आणि चट्टा परत आला की औषधाला दोष द्यायचा, यातून एकूण वापर कमी होत नाही, वाढतो. मोजमाप सोपं आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. तेवढ्यात मोठ्यांच्या दोन तळहातांएवढी (बोटांसकट) जागा होते. एक ते दोन वर्षांच्या मुलाचा एक अख्खा हात भरला असेल तर अशा दीड रेघा, एक पाय भरला असेल तर दोन. किती जोराचं, कुठे आणि किती दिवस, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. चट्टा दिसेनासा झाला तरी हाताला खरखरीत लागत असेल तर तो विझलेला नाही. स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेली ट्यूब मात्र स्वतःच्या मनाने कधीच वापरू नका.

अंघोळीच्या पाण्यात घालायच्या तेलकट द्रवांवर पैसे घालवू नका. २०१८ च्या चाचणीत त्यांचा वेगळा फायदा दिसला नाही. पाणी मृदू करणाऱ्या यंत्रांचंही २०११ मध्ये तेच झालं.

तपासणीचा कागद म्हणजे निकाल नव्हे

रक्तातली किंवा त्वचेवर टोचून केलेली अ‍ॅलर्जीची तपासणी ‘संवेदनशीलता’ दाखवते. बाळाच्या शरीराने त्या पदार्थाची ओळख नोंदवली आहे, एवढाच तिचा अर्थ. एक्झिमा असलेल्या मुलांमध्ये अशा नोंदी भरपूर सापडतात आणि त्यांतली अनेक मुलं तो पदार्थ आरामात पचवतात. म्हणून सरसकट वीस-तीस पदार्थांची यादी तपासून घेऊ नका. कोणत्या पदार्थावर आणि का संशय आहे हे आधी ठरवा, मग तेवढंच तपासा. आयजीजी (रक्तातली एक प्रकारची प्रतिपिंडं) नावाने विकल्या जाणाऱ्या तपासण्यांवर तर विसंबूच नका. त्यातून अ‍ॅलर्जी कळत नाही.

अन्नाची अ‍ॅलर्जी नसतेच असं मी म्हणत नाही. तीव्र एक्झिमा असलेल्या लहान मुलांत ती नक्कीच जास्त आढळते. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांध्या उठल्या, ओठ सुजले किंवा उलट्या झाल्या, तर तो पदार्थ थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. श्वासाला त्रास झाला किंवा बाळ मलूल पडलं तर थेट इस्पितळ. केवळ चट्टे वाढण्याची प्रतिक्रिया उशिरा, कधी दुसऱ्या दिवशीसुद्धा येते. ती ओळखायची तर डॉक्टरांच्या सल्ल्याने एकच पदार्थ साधारण २ ते ४ आठवडे बंद ठेवायचा आणि मग पुन्हा देऊन बघायचा. हा दुसरा भाग बहुतेक घरांत राहूनच जातो. पदार्थ बंद होतो आणि वर्षभर बंदच राहतो.

याची किंमत बाळ मोजतं. वजन वाढत नाही, कॅल्शियम आणि प्रथिनं कमी पडतात. शिवाय एक्झिमा असलेल्या मुलाने जो पदार्थ आधी पचवला होता, तोच दीर्घ खंडानंतर दिल्यावर गंभीर अ‍ॅलर्जी उफाळल्याची उदाहरणं आहेत. शेंगदाण्यासारखे पदार्थ बाळाला उशिरा द्यावेत, ही जुनी समजूत तर २०१५ मध्ये लीप नावाच्या अभ्यासाने उलटीच केली. तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ४ ते ११ महिन्यांच्या बाळांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, तेव्हा पाचव्या वर्षी त्यांच्यात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली.

चट्टा कुठे आहे ते बघा

डॉक्टर आधी जागा बघतात. तान्ह्या वयात गाल, डोकं, हातापायांच्या बाहेरच्या बाजू. चालायला लागल्यावर कोपर-गुडघ्यांचे खळगे, मनगटं, घोटे. डायपरखालची जागा बहुधा स्वच्छ असते. चट्टे या नकाशात बसत नसतील तर वेगळा विचार हवा. तोंडाभोवती असतील तर लाळ, अन्न, पुसायचे वेट वाइप्स. मानेच्या वळ्यांत असतील तर घाम. बेंबीखाली गोल चट्टा असेल तर कपड्याचं धातूचं बटण, त्यातलं निकेल.

सावळ्या कातडीवर लाली ठळक दिसत नाही. चट्टे करडे, जांभळट किंवा गडद तपकिरी दिसतात आणि आजार सौम्य समजला जातो. तिथे डोळ्यांपेक्षा हातावर विश्वास ठेवा.

कदाचित तो एक्झिमा नसेलही

घरातल्या इतरांनाही रात्री खाज येत असेल आणि बाळाच्या तळहातांवर, तळपायांवर पुरळ असेल तर खरूज असू शकते. कडा उठून दिसणारा गोल चट्टा नायट्याचा असू शकतो, आणि स्टिरॉइडने तो पसरतो. वारंवार मोठे जंतुसंसर्ग, वजन न वाढणं, सहज रक्तस्राव होणं यांपैकी काही एक्झिमासोबत असेल तर प्रतिकारशक्तीचे दुर्मीळ आजार तपासावे लागतात.

चट्ट्यांतून लस गळून मधासारख्या पिवळ्या खपल्या धरल्या तर जंतू वाढले आहेत. तिथे आणखी मॉइश्चरायझर लावून भागत नाही. आणि ताप, दुखरे फोड, छिद्र पाडल्यासारखे एकसारखे गोल व्रण दिसले तर सकाळ व्हायची वाट बघू नका. तो नागिणीच्या जातीतल्या हर्पिस विषाणूचा संसर्ग असू शकतो. त्याला विषाणूविरोधी औषध तातडीने लागतं.

आमच्याकडे काय निघालं

तीन आठवडे भरपूर मॉइश्चरायझर आणि मोजून स्टिरॉइड. चौथ्या आठवड्यात लेक पहिल्यांदा सलग आठ तास झोपली. अंग स्वच्छ झाल्यावर दोनच जागा पुन्हा पुन्हा लाल होताना दिसल्या, हनुवटी आणि उजवा गाल. दात येत होते, लाळ गळत होती आणि आम्ही दर दहा मिनिटांनी वेट वाइपने पुसत होतो. वाइप्स बंद केले, मऊ कापड नुसत्या पाण्यात बुडवून टिपायला लागलो, जेवणाआधी हनुवटीला मलमाचा थर. दहा दिवसांत ती जागा बसली.

बाकीच्या चट्ट्यांना वेगळं कारण सापडलंच नाही. तिची कातडीच तशी आहे आणि मी ते स्वीकारलं आहे. सगळं नीट करूनही एक्झिमा आटोक्यात येत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांना पुढच्या उपचारांबद्दल जरूर विचारा. डुपिलुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत २०२२ पासून ६ महिन्यांवरच्या मुलांसाठीही मान्य आहे.

दूध आणि गहू आम्ही एकेक करून परत सुरू केले, काही झालं नाही. अंडं तपासणीत पॉझिटिव्ह होतं, म्हणून ते घरी दिलं नाही. दवाखान्यात, डॉक्टरांसमोर, आधी दाण्याएवढं, मग थोडं जास्त. दोन तास मी तिच्या ओठांकडे बघत बसले होते. ती रिकामा चमचा टेबलावर आपटून आणखी मागत होती.