एअर फिल्टर: कंपनीचा की बाहेरचा?

रोजच्या गाडीत मी कंपनीचा कागदी फिल्टरच टाकतो. बाहेर मिळणारा तेल लावलेला कापडी फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतो, हे खरं. पण तेल जास्त झालं की ते हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसतं आणि गाडी उभ्या उभ्या थरथरते. माझ्या गाडीचं हेच झालं होतं. आणि ताकद वाढेल म्हणून घेत असाल, तर साध्या इंजिनात फरक जाणवतही नाही.

बाहेरचा घ्यायचाच असेल, तर जुना फिल्टर त्याच्या बाजूला ठेवून माप जुळवा, कडेचं रबर बोटाने दाबून बघा. मऊ हवं, सलग हवं. बसवल्यावर हजारेक किलोमीटरनी इंजिनकडे जाणाऱ्या पाइपात आतून पांढरं फडकं फिरवा. धूळ लागली, तर तो फिल्टर त्याच दिवशी काढा.