सस्कॅचेवानच्या छोट्या गावाचा इतिहास शोधायचाय? आधी त्याचा सातबारा शोधा

इकडे कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात येणारे आपले बहुतेक लोक रेजायनात नाहीतर सॅस्काटूनला राहतात आणि मधली गावं फक्त गाडीच्या काचेतून बघतात. पाण्याची टाकी, रूळ, एक बंद पडलेलं हॉटेल, चर्च, की संपलं गाव. मी पण चार वर्षं तेच केलं. मग एकदा मेलव्हिलवरून हायवे १५ ने पश्चिमेकडे येत होतो, बायको मुलाला टाइमपास म्हणून पाट्या वाचून दाखवत होती, गुडीव्ह, हबर्ड, इटूना, जॅस्मिन, केलिहर, आणि पोरगंच म्हणालं की बाबा हे जी एच आय जे के चाललंय. खरंच चाललं होतं! पुढे लेस्टॉक, पनिची, क्विंटन, रेमोर, सेमन्स, आणि त्याच रुळावर अजून पुढे वॉट्रस, झीना, यंग, झेल्मा. झेड संपला की परत ए पासून, ॲलन, ब्रॅडवेल, क्लॅव्हेट.

तर पहिली गोष्ट ही, की इथल्या गावाचा इतिहास गावापासून सुरू करायचा नाही, रुळापासून करायचा. ग्रँड ट्रंक पॅसिफिक नावाच्या रेल्वे कंपनीने १९०७-०८ च्या सुमाराला इथून लाइन टाकली आणि स्टेशनांना सरळ बाराखडी लावून नावं दिली, या पट्ट्याला अजूनही अल्फाबेट लाइन म्हणतात. आपल्याकडे आधी वस्ती, मग देऊळ, मग कधीतरी एसटी येते, इथे उलटं, आधी स्टेशन, मग गाव. मेलव्हिल हे नाव कंपनीचे प्रेसिडेंट चार्ल्स मेलव्हिल हेज यांच्यावरून पडलं, ते १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली त्यात वारले. गावं साधारण आठ-दहा मैलांवर का, तर शेतकऱ्याला घोडागाडीतून गहू आणून रात्रीपर्यंत घरी परत जाता यावं म्हणून. गहू यायचा तो ग्रेन एलिव्हेटरवर (लिफ्ट नाही, धान्याचं उंच लाकडी कोठार). ट्रक आले, रस्ते सुधारले आणि आठ-दहा मैलांच्या हिशोबातली हवाच गेली, निम्मी गावं त्यातच बसली. म्हणून आधी लाइन कुठली, कधी आली, आणि ब्रँच लाइन असेल तर रूळ कधी उखडले हे बघा, गावाची अर्धी कुंडली तिथेच मिळते.

आता मुख्य काम, जमिनीचा नंबर. बहुतेक लोक आडनावाने शोधायला जातात आणि तिथेच फसतात, कारण आडनावांचं स्पेलिंग प्रत्येक कागदावर वेगळं असतं. जमीन मात्र हलत नाही. सातबारा आणि गट नंबर ज्याला कळतो त्याला हे दहा मिनिटांत कळेल. सगळी प्रेअरी (इथला सपाट गवताळ माळ) चौकोनांत कापलेली आहे. सहा मैल बाय सहा मैल म्हणजे एक टाउनशिप, त्यात एक-एक चौरस मैलाचे ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकर, त्याचे चार भाग केले की १६० एकरांचा क्वार्टर. ३६ सेक्शनांचे नंबर सापशिडीच्या पटासारखे जातात, फक्त एक नंबर आपल्यासारखा डाव्या कोपऱ्यात नसून खाली उजवीकडे, म्हणजे आग्नेयेला असतो, तिथून पश्चिमेला सहापर्यंत, मग वर चढून सात, परत पूर्वेला.

समजा कुठे लिहिलंय एनडब्ल्यू १४-२८-१८-डब्ल्यू२. वाचायचं असं: सेक्शन १४ चा वायव्येचा क्वार्टर, अमेरिकेच्या सीमेपासून मोजत वर २८ वी टाउनशिप, दुसऱ्या मेरिडियनपासून (१०२ अंश पश्चिम रेखांश) पश्चिमेला १८ वी रेंज (रेंज म्हणजे टाउनशिपांचा उभा पट्टा). म्हणजे ही जमीन रेमोरच्या बाजूला कुठेतरी पडते. आणि नंबरवरूनच अजून एक गोष्ट कळते. सम नंबरचे सेक्शन साधारणपणे फुकट वाटपासाठी, विषम बरेचसे रेल्वेला बक्षीस म्हणून, ११ आणि २९ शाळांच्या खर्चासाठी राखीव, ८ आणि बहुतेक सगळा २६ हडसन्स बे या फरचा व्यापार करणाऱ्या जुन्या कंपनीचा. म्हणजे कोणाच्या पणजोबाची जमीन ११ मध्ये असेल तर ती होमस्टेड (सरकारने फुकट वाटलेली जमीन) नाही, विकत घेतलेली, तिची होमस्टेड फाइल शोधत बसू नका, माझा एक अख्खा शनिवार यात गेलाय.

सम नंबर निघाला तर मजा. १८७२ च्या डोमिनियन लँड्स ॲक्टखाली १० डॉलर फी भरायची, १६० एकर घ्यायचे, तीन वर्षं राहून जमीन फोडायची, घर बांधायचं, मग नावावर. १९३० पर्यंतच्या या फाइली प्रोव्हिन्शियल आर्काइव्हजकडे आहेत, इंडेक्स ऑनलाइन बघता येतो. तीन वर्षांनी अर्जदार आणि दोन शेजारी शपथेवर जबाब द्यायचे, घर किती फूट बाय किती फूट, कोणत्या वर्षी किती एकर फोडले, बैल किती, घोडे किती, विहीर आहे का. अगदी पंचनामाच. हे वाचताना माणूस समोर उभा राहतो, गावाच्या जाडजूड पुस्तकात तो कधीच असा उभा राहत नाही. बायका मात्र यात जवळपास नाहीत, कारण कायद्याप्रमाणे अविवाहित बाईला होमस्टेड मिळतच नव्हतं, विधवा किंवा पोरांना एकटीने सांभाळणारी असेल तरच.

त्यानंतर सेन्सस. १९०६, १९१६ आणि १९२६ चे खास प्रेअरी प्रांतांचे, शिवाय १९११, १९२१ आणि १९३१ चे, ९२ वर्षं झाल्यावर उघडतात म्हणून १९३१ चा २०२३ मध्ये उघडला. इथे पण टाउनशिप-रेंजने शोधा. इटूनाच्या बाजूला युक्रेनी लोक बरेच, पण जन्मस्थान म्हणून ऑस्ट्रिया, गॅलिशिया, बुकोव्हिना असं काहीही सापडेल, चक्रावून जाऊ नका, तेव्हा त्यांचा मुलूख ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता.

गावाचं पुस्तक तर वाचाच. १९५५ ला प्रांताची पन्नाशी आणि १९८० ला पंचाहत्तरी झाली (प्रांत १९०५ चा), तेव्हा गावोगावी लोकांनी कमिटी करून हे हार्डबाउंड ग्रंथ काढले, लायब्ररीत मिळतात, बरेच स्कॅन झालेत. प्रत्येक घराने आपलं पान आपण लिहिलेलं, त्यामुळे भांडणं, कर्ज, दारू असलं काही नाही, सगळे कष्टाळू आणि सगळ्यांच्या आज्या उत्तम ब्रेड करायच्या. आणि जे टिकले त्यांनीच लिहिलं. १९३० नंतरच्या दुष्काळात धुळीने वैतागून जे निघून गेले त्यांचं पान कोण लिहिणार? त्यांच्यासाठी त्याआधीचे जमिनीवर नावं छापलेले नकाशे बघा, कमिन्स मॅप म्हणतात, नंतरच्या एखाद्या नकाशाशेजारी ठेवले की कुठली नावं गायब झाली ते दिसतं.

याहून मोठी गळती म्हणजे ही पुस्तकं बहुतेक वेळा "पहिले सेटलर आले" इथून सुरू होतात, जसं काही त्याआधी माळ रिकामाच होता. नव्हता. १८७४ मध्ये फोर्ट क्वॅपेलला ट्रीटी ४ (इथले मूळनिवासी आणि सरकार यांच्यातला करार) झाली, त्यानंतर हे चौकोन लोकांना वाटले गेले. पनिचीच्या आजूबाजूला आजही चार फर्स्ट नेशन्स (मूळनिवासी समाज) आहेत, डे स्टार, जॉर्ज गॉर्डन, कावाकटूस, मस्कोवेक्वान. लेस्टॉकजवळची रेसिडेन्शियल स्कूल १९९७ पर्यंत चालू होती, मुलांना घरापासून तोडून तिथे ठेवायचे, इमारत अजून उभी आहे. तिथे सेल्फी काढायला जाऊ नका, आधी बँड ऑफिसला (तिथल्या फर्स्ट नेशनच्या कचेरीला) फोन करून विचारा. मेटी (मूळनिवासी आणि युरोपियन अशा मिश्र वंशाच्या) लोकांपैकी ज्यांची जमीन गेली ते रस्त्यासाठी सोडलेल्या पट्टीवर झोपड्या बांधून राहायचे, त्यांचा क्वार्टर नंबरच नाही, म्हणजे माझी वरची अख्खी पद्धत त्यांच्यापाशी बंद पडते. तिथे माणसांकडूनच ऐकावं लागतं.

माणसं कुठे भेटतील? सकाळी कॉफी रो वर. को-ऑपच्या पंपावर किंवा गावातल्या कॅफेत रिटायर्ड शेतकरी एका टेबलाभोवती बसतात, आपला पारच तो. थेट वही काढू नका, पहिले पाऊस आणि पीक यावर बोला. मे मध्ये पेरणी आणि ऑगस्ट-सप्टेंबरात कापणी, तेव्हा कोणी भेटणार नाही. आपल्याकडे एक हुकमाचा पत्ता आहे, मसूर. इंडियात येणारा बराचसा मसूर याच प्रांतातला. इथल्या विद्यापीठातल्या अल स्लिंकार्डनी १९७८ मध्ये लेअर्ड नावाचं वाण आणलं, नंतर एस्टन, आणि लेअर्ड, एस्टन ही दोन्ही इथल्या गावांची नावं आहेत. मी मसुराच्या आमटीचा विषय काढला तर एक आजोबा म्हणाले की मी वीस वर्षं पेरला, एकदाही खाल्ला नाही. पुढच्या वेळी डबा नेला. त्यानंतर त्यांनी स्वतःहून त्यांच्या वस्तीशाळेचं हजेरीपत्रक दाखवलं. हो, एका खोलीच्या या शाळांना पण स्वतःचं नाव आणि नंबर असायचा, तो विचारून घ्या, आर्काइव्हजमध्ये उपयोगी पडतो.

ऑक्टोबरात हॉलमध्ये फाउल सपर (गावजेवण) असतं, टर्की, कॅबेज रोल, पेरोगी (उकडलेल्या करंज्यांसारख्या), तिकीट काढून कोणीही जाऊ शकतं. एका संध्याकाळी अख्खं गाव भेटतं. व्हेज खाणाऱ्यांनी पेरोगीत बेकन नाही ना ते विचारून घ्यावं.

शेवटी प्रत्यक्ष जमीन बघायला जायचं असेल तर उत्तर-दक्षिण रस्ते दर मैलाला आणि पूर्व-पश्चिम दर दोन मैलांनी, त्यामुळे फोनला रेंज नसली तरी मोजत जाता येतं. मध्येच सरळ रस्ता उगाच डावीउजवीकडे सरकतो, ती करेक्शन लाइन, पृथ्वी गोल असल्यामुळे चौकोन बसत नाहीत म्हणून. शेतात शिरण्याआधी मालकाला विचारा. आणि काही भागांत गंबो म्हणून चिकट काळी माती आहे, आपल्या काळ्या रानाची सख्खी बहीण, आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर खडी संपते तिथूनच गाडी वळवा, कारण ओढून काढायला जो ट्रॅक्टर येईल त्याच्या मालकाला सगळं कॉफी रो वर सांगायचं असतं.