मानदुखीची तपासणी आणि उपचार : खान्देशातील फिजिओथेरपिस्टसाठी प्रशिक्षण कसे आखावे

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार येथे मानदुखीवर दोन दिवसांचे प्रशिक्षण घ्यायचे ठरले की सहभागींची पहिली मागणी बहुधा नव्या तंत्रांची असते. वास्तविक महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसह साडेचार वर्षांचा बीपीटीएच (फिजिओथेरपीतील पदवी) अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या व्यक्तीला तंत्रे पुरेशी येत असतात. अडते ते निर्णयाच्या क्रमापाशी. कोणत्या रुग्णाच्या मानेला हात लावायचा नाही, उरलेल्यांपैकी कोण कोणत्या गटात बसतो आणि केलेल्या उपचाराचा उपयोग झाला की नाही हे त्याच बैठकीत कसे पाहायचे, या तीन प्रश्नांभोवतीच प्रशिक्षण बांधावे. पहिला संपूर्ण दिवस तपासणीसाठी राखून ठेवावा, कुरकुर झाली तरी.

सुरुवात प्रश्न विचारण्याच्या सरावाने करावी. ‘मान कधीपासून दुखते?’ एवढ्यावर न थांबता रुग्ण दिवसभर मानेकडून काय काम करून घेतो, हे विचारले पाहिजे. रावेर-यावल पट्ट्यात केळीचे घड डोक्यावर किंवा खांद्यावर वाहणारा मजूर, जळगावच्या सराफ बाजारामागे दिवसभर मान खाली घालून बसणारा सुवर्ण कारागीर, कापूस वेचणीच्या हंगामात पाठीवर वेचणीची झोळी बांधून वाकलेली बाई आणि भुसावळच्या रेल्वे कार्यालयातील लिपिक या चौघांचीही तक्रार ‘मान आखडते’ अशीच असू शकते, मात्र चौघांच्या मानेवर येणारा ताण वेगवेगळा असतो. ‘मान दुखस’ असे सांगणाऱ्या रुग्णाशी अहिराणीतच बोलावे. नंदुरबारच्या डोंगराळ भागातील भिली किंवा पावरी बोलणाऱ्या रुग्णासाठी दुभाष्या आधीच ठरवून ठेवावा, कारण मुंग्या येणे, बधिर होणे आणि ताकद कमी होणे या तीन गोष्टींची गल्लत झाली तर पुढची सारी तपासणी भरकटते.

मानदुखी निर्देशांक ही १० प्रश्नांची आणि ५० गुणांची प्रश्नावली १९९१ पासून वापरात आहे. तिच्यात वाचन आणि वाहन चालवणे यांवरही प्रश्न आहेत. जी बाई या दोन्ही गोष्टी करतच नाही, तिचे ते प्रश्न वगळून उरलेल्या प्रश्नांवरून टक्केवारी काढावी आणि त्यासोबत तिच्याच तोंडून अडलेली तीन कामे घेऊन त्यांना शून्य ते दहा गुण द्यायला सांगावे. खेड्यातील रुग्णांसाठी ही दुसरी पद्धत मला अधिक भरवशाची वाटते.

यानंतर धोक्याच्या खुणा. या भागाला घाईने उरकू नये. अपघात किंवा पडण्याचा इतिहास असेल आणि रुग्ण पूर्ण शुद्धीवर व स्थिर असेल, तर कोणाच्या मानेचे क्ष-किरण चित्र काढायचे हे ठरवणारा, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला कॅनेडियन सी-स्पाइन नियम वापरावा. वय ६५ किंवा अधिक असणे, तीन फूट किंवा पाच पायऱ्यांएवढ्या उंचीवरून पडणे, डोक्यावर सरळ भार आदळणे किंवा हातापायांत मुंग्या येणे, यांपैकी एक जरी गोष्ट आढळली तरी आधी क्ष-किरण तपासणी करून घ्यावी आणि तोवर मान हलवून पाहू नये. भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवरून पडलेला माणूस स्वतःच्या पायाने चालत दवाखान्यात आला म्हणून त्याला सूट मिळत नाही. या चारपैकी काहीच नसले तरी मान तपासण्यापूर्वी नियमातील कमी जोखमीच्या खुणा पाहाव्यात आणि रुग्णाला स्वतःहून मान दोन्ही बाजूंना ४५ अंश वळवता येते का, ते पाहावे.

मज्जारज्जूवर दाब असलेला रुग्ण बरेचदा मानदुखीची तक्रार फारशी करतच नाही. शर्टाची बटणे लागत नाहीत, चालताना तोल जातो, पायातली चप्पल कळत नाही इतकी सहज निसटते किंवा बोंडातला कापूस चिमटीत नीट येत नाही, असे तो सांगतो. अशा वेळी दहा सेकंदांत मूठ किती वेळा पूर्ण उघडता-मिटता येते, ते मोजावे. २० पेक्षा कमी वेळा जमल्यास संशय धरावा. चालण्यातील बदल, मधल्या बोटाला टिचकी मारून पाहायची हॉफमन खूण, तळपायावर रेघ ओढून पाहायची बाबिन्स्की खूण, मनगटाजवळ ठोकून पाहायचा उलटा सुपिनेटर प्रतिक्षेप आणि ४५ पेक्षा अधिक वय या पाचांपैकी तीन गोष्टी जुळल्या तर उपचार न करता मणक्याच्या शल्यविशारदाकडे पाठवावे. संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम आणि घटणारे वजन यांच्या जोडीला मानदुखी असेल तर आपल्याकडे मणक्याच्या क्षयरोगाचा विचार करावाच लागतो. पूर्वी कधीच न जाणवलेली, अचानक उठलेली मानदुखी व डोकेदुखी, दुहेरी दिसणे, बोलताना जीभ जड होणे किंवा पापणी झुकणे ही मानेतील रक्तवाहिनी फाटल्याची चिन्हे असू शकतात. म्हणून प्रत्येक सहभागीने रक्तदाब मोजण्याचा आणि कपालीय मज्जातंतू (मेंदूतून थेट डोळे, चेहरा, जीभ यांकडे जाणारे) तपासण्याचा सराव करावा. केशकर्तनालयात झटका देऊन मान मोडून घेतली होती का, हेही न विसरता विचारावे.

धोका नाही, असे ठरल्यावर मानदुखीवरील २०१७ च्या सुधारित अमेरिकी मार्गदर्शिकेतील चार गट हाताशी घ्यावेत: हालचाल कमी झालेली मान, स्नायूंच्या समन्वयातील बिघाड, मानेतून उद्भवणारी डोकेदुखी आणि हातात उतरणारी वेदना. हातात उतरणाऱ्या वेदनेसाठी कललेल्या मानेवर वरून दाब देऊन पाहण्याची स्पर्लिंग चाचणी, मान ताणून पाहण्याची चाचणी, हाताच्या मज्जातंतूची ताण-चाचणी आणि दुखऱ्या बाजूला ६० अंशांपेक्षा कमी वळणारी मान, या चार गोष्टी एकत्र पाहाव्यात. मज्जातंतूची ताण-चाचणी नकारात्मक आली तर मज्जातंतूमूळ दबल्याची शक्यता बरीच मावळते. अंगठा सी६, मधले बोट सी७ आणि करंगळी सी८ हा मानेतील मज्जातंतूमुळांचा नकाशा प्रत्येकाला पाठ असतो. दंडामागील ट्रायसेप्स स्नायूचा प्रतिक्षेप मंदावला आहे हे हाताला कळणे मात्र सरावानेच येते. डोकेदुखीच्या रुग्णाची मान पूर्ण पुढे वाकवून बाजूला वळवून पाहावी. निरोगी माणसात ती दोन्हीकडे सुमारे ४४ अंश वळते आणि एका बाजूला दहा अंशांहून अधिक घट दिसली तर पहिल्या-दुसऱ्या मणक्यांमधील सांध्याकडे लक्ष द्यावे.

मानेच्या खोल स्नायूंच्या चाचणीसाठी अर्धा दिवस दिला तरी तो वाया जात नाही. रुग्णाला उताणे झोपवून मानेखाली दाबमापक पिशवी ठेवावी, ती २० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत फुगवावी आणि ‘हो’ म्हणताना हलते तेवढीच हनुवटी हळूच आत घ्यायला सांगून काटा २२ वर आणून दहा सेकंद धरायला लावावा. मग २४, २६, २८ आणि शेवटी ३०. या वेळी बहुतेकांचे डोळे काट्याला खिळतात, तर पाहायचे असते गळ्याच्या पुढील भागाकडे. कानामागून हसलीकडे उतरणारा स्नायू दोरीसारखा वर उठला किंवा डोके गादीवरून उचलले जाऊ लागले तर काटा २८ वर असला तरी तो गुण धरू नये. तालुक्याच्या दवाखान्यात हे यंत्र नसेल तर रक्तदाबयंत्राचा पट्टा घडी घालून सरावापुरता चालतो. आकडे तंतोतंत जुळतील, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

दुसऱ्या दिवशी उपचार. हालचाल कमी झालेल्या मानेसाठी मानेच्या सांध्यांचे हळुवार मोबिलायझेशन (हाताने सांधे हलवणे), पाठीच्या वरच्या मणक्यांचे मॅनिप्युलेशन (झटकन दिलेला छोटा दाब) आणि घरी करायचे हालचालींचे व्यायाम. समन्वयाच्या बिघाडात खोल स्नायूंच्या चाचणीतल्याच २२ ते ३० या पायऱ्यांवरचा व्यायाम. डोकेदुखीत रुमालाच्या किंवा टॉवेलच्या कडेने मणक्याला आधार देत रुग्णाने स्वतः मान वळवण्याचे मुलिगन तंत्र. हातात उतरणाऱ्या जुन्या वेदनेत व्यायामासोबत थांबून-थांबून ट्रॅक्शन, म्हणजे मानेला ताण देणे. प्रत्येक तंत्रानंतर लगेच तीच दुखरी हालचाल पुन्हा मोजावी. फरक पडला नसेल तर मात्रा किंवा तंत्र बदलावे. ‘उद्या बरे वाटेल’ असे सांगून पाठवणे ही सवय प्रशिक्षणातच मोडावी.

कॉलरचा, म्हणजे मानेच्या पट्ट्याचा, विषय स्वतंत्रपणे घ्यावा, कारण महिनोन्‌महिने कॉलर घालून फिरणारे रुग्ण आपल्याकडे सर्रास दिसतात. मार्गदर्शिकेत तिला जागा आहे, पण अल्पकाळासाठी आणि निवडक रुग्णांसाठीच. ‘मणक्यात गॅप आला’ असे सांगत अहवालाची पिशवी पुढे करणाऱ्याला काय उत्तर द्यावे, याचाही जोडीने सराव करावा. जपानमध्ये मानेचा काहीच त्रास नसलेल्या १,२११ जणांच्या एमआरआयमध्ये ८७.६ टक्के जणांत मणक्यातील गादी फुगलेली दिसली होती, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तो आकडा रुग्णाच्या तोंडावर न फेकता, वयाबरोबर केस पिकतात तशी गादीही बदलते, एवढे सांगितले तरी भीती कमी होते.

शक्य असेल तर शेवटच्या सत्रात दोन-तीन खरे रुग्ण त्यांच्या लेखी संमतीने बोलवावेत आणि सहा आठवड्यांनी सहभागींनी आपापल्या दोन रुग्णांच्या नोंदी घेऊन पुन्हा एकत्र यावे. नोंदीत सुरुवातीचा आणि नंतरचा निर्देशांक, निवडलेला गट, बदललेला उपचार आणि पुढे पाठवले असल्यास त्याचे कारण लिहिलेले असावे. वेचणीचा किंवा केळीच्या कापणीचा ऐन हंगाम टाळून ही तारीख ठरवावी, नाहीतर रुग्ण फेरतपासणीला येतच नाहीत आणि नोंदीतला नंतरच्या निर्देशांकाचा रकाना रिकामा राहतो.