स्टँडर्ड पूल की डीआरपी? पूल बनवताना या चुका टाळा

आयबीएमच्या फ्लॅशसिस्टम किंवा स्टोअरवाइज या स्टोरेजवर नवीन पूल (ड्राइव्हची एकत्र केलेली जागा, ज्यातून सर्व्हरना व्हॉल्यूम कापून देतात) बनवताना डेटा रिडक्शनचा, म्हणजे डेटा पिळून जागा वाचवायचा, एक टिक दिसतो आणि बरेच जण "जागा वाचतेय ना, मग घेऊन टाकू" म्हणून तो मारून मोकळे होतात. तो टिक म्हणजेच डेटा रिडक्शन पूल, आपल्या भाषेत डीआरपी, 2018 मध्ये 8.1.2 कोडसोबत (सिस्टमच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती) आलेला. टिक नाही मारला तर तो स्टँडर्ड पूल. एकदा पूल बनला की प्रकार बदलता येत नाही. मागे फिरायचं तर दुसरा पूल बनवा, प्रत्येक व्हॉल्यूमची मिरर कॉपी टाका, सिंक व्हायची वाट बघा, मग जुनी कॉपी उडवा. एवढी रिकामी जागा असती तर रडलो कशाला असतो!

दुसरी चूक माझी स्वतःची. एका क्लायंटकडे (नाव जाऊ दे) डीआरपी 93 टक्के भरलेला, शुक्रवारची संध्याकाळ, मी जुना टेस्ट व्हॉल्यूम डिलीट केला आणि आकडा ढिम्म हलेना. पाच वेळा रिफ्रेश मारलं, सपोर्टला कॉल टाकायच्या बेतात होतो, तेवढ्यात पूलच्या डिटेल्समध्ये रिक्लेमेबल कपॅसिटी (मोकळी व्हायची बाकी असलेली जागा) बघितली, सगळी जागा तिथे बसलेली. झालं काय, तर डीआरपी जुन्या डेटावर परत लिहीत नाही, नवीन जागी लिहितो, जुनं कचरा म्हणून पडून राहतं आणि मागाहून गार्बेज कलेक्शन येऊन चालू डेटा दुसरीकडे हलवून एक्स्टेंट (पूलमधला जागेचा तुकडा) मोकळा करतं. ही हलवाहलव करायलाच मोकळी जागा लागते, म्हणून 85 टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही. वर गेलात की तेच काम होस्टच्या (स्टोरेज वापरणाऱ्या सर्व्हरच्या) आयओशी, म्हणजे वाचण्या-लिहिण्याशी, भांडायला लागतं, लेटन्सी (उत्तर यायला लागणारा वेळ) वाढते, आणि पूल पूर्ण भरला तर व्हॉल्यूम थेट ऑफलाइन.

व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) उडवूनही जागा परत येत नसेल तर आधी अनमॅप बघा, म्हणजे "ही जागा आता नको" असं होस्टने स्टोरेजला कळवणं. सिस्टमवर होस्ट अनमॅप चालू आहे का? व्हीएमवेअरची फाइल सिस्टम व्हीएमएफएस 6 आपोआप अनमॅप पाठवते, व्हीएमएफएस 5 वर कमांड हाताने चालवावी लागते, ती चालवायला लोक विसरतात.

एफसीएम (आयबीएमचे फ्लॅशकोअर मॉड्यूल) ड्राइव्ह असतील तर मी सरळ स्टँडर्ड पूल घेतो, कारण ते मॉड्यूल स्वतःच हार्डवेअरमध्ये कॉम्प्रेस करतात. डीआरपीने आधीच पिळलेला डेटा त्यांच्याकडे गेला तर त्यांना पिळायला काही उरतच नाही. फक्त तिथे व्हॉल्यूमची साइज बघून निवांत बसू नका, फिजिकल कपॅसिटीवर अलर्ट लावा. मागच्या बाजूला दुसऱ्या कुठल्या थिन स्टोरेजचे (खऱ्या जागेपेक्षा जास्त जागा दाखवणाऱ्या) एलयूएन, म्हणजे त्याने दिलेले व्हॉल्यूम, घेऊन त्यावर डीआरपी बांधणं तर नकोच, खरी जागा किती उरलीय ते दोन्हीकडून कळत नाही.

मग डीआरपी कुठे? डीड्यूप (सारखा डेटा एकदाच साठवणं) खरंच मिळणार असेल तिथे, व्हीडीआयसारख्या (सर्व्हरवर चालणारे एकसारखे डेस्कटॉप) ठिकाणी. एन्क्रिप्टेड डेटाबेसवर हाती काही लागत नाही. आणि डीड्यूप त्याच पूलच्या आत चालतं, म्हणून डेस्कटॉपचे व्हॉल्यूम दोन पूलमध्ये वाटलेत तर फायदाही वाटला गेला. अंदाज घ्यायला आयबीएमचं डेटा रिडक्शन एस्टिमेटर टूल आहे, डीआरईटी, पूल बनवायच्या आधी होस्टवरून चालवा, मोठ्या व्हॉल्यूमला वेळ खातं, रात्री लावून जा.