दिसायला ठणठणीत, तरी राखीव सीटवर: ठाणे-नवी मुंबईच्या प्रवासात लोकांच्या बोलण्याला तोंड कसं द्यायचं

ज्यांचं दुखणं बाहेरून दिसत नाही त्यांच्यासाठी हे लिहितेय. काठी नाही, कुबडी नाही, चेहरा टवटवीत, आणि तरी थोडा वेळ उभं राहिलं की पाय थरथरायला लागतात अशी माणसं. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, सगळे एमएसच म्हणतात. यात मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण खराब होतं, मग थकवा येतो, तोल जातो, नजर धुरकट होते, आणि अंग तापलं की सगळंच वाढतं. म्हणजे सकाळी जी बाई स्टेशनचा जिना चढून गेली तीच संध्याकाळी मे महिन्याच्या उकाड्यात त्याच जिन्याच्या पायरीवर बसलेली दिसेल, आणि दोन्ही वेळा ती खरीच असते. लोकांना हे पटत नाही आणि मग सुरू होतं, "चांगली तरणीताठी आहेस की", "सकाळी तर बघितलं चालताना", "कार्डं काय विकत मिळतात हल्ली".

यात एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा. दिव्यांगत्वाचं कार्ड तपासायचा अधिकार टीसीला आणि आरपीएफला (रेल्वे सुरक्षा दलाला) आहे, त्यांनी मागितलं की लगेच दाखवायचं, कुरकुर करायची नाही. शेजारी बसलेल्या माणसाला तो अधिकार नाही. त्याला आपली गरज सांगायची, आजार नाही सांगायचा. बाकी सगळं यातूनच येतं.

आधी कागद

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, 1995 च्या जुन्या कायद्यात फक्त 7 होते. नवीन आलेल्यांमध्ये बाहेरून पटकन न दिसणारे बरेच आहेत, एमएस, पार्किन्सन्स, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल, ऑटिझम, लर्निंग डिसॅबिलिटी. मानसिक आजार आणि कमी दृष्टी तर जुन्या यादीतही होते. संधिवात हा आजार म्हणून यादीत नाही, पण त्याने सांधे कायमचे आखडले असतील तर अस्थिव्यंग म्हणून तपासणी होऊ शकते, त्यामुळे "आपलं नाव यादीत नाही" म्हणून घरी बसू नका, डॉक्टरांना विचारा.

यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगत्वाच्या सरकारी ओळखपत्राचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा, आधार, फोटो, उपचाराचे कागद लागतात, हॉस्पिटल निवडायचं आणि मग तपासणीला जायचं. तिथे जाताना एक काम करा, एका कागदावर आपल्याला काय काय जमत नाही ते रोजच्या भाषेत लिहून न्या, किती वेळ उभं राहता येतं, किती पायऱ्यांनंतर थांबावं लागतं, वाईट दिवस कसा असतो. कारण तपासणीच्या दिवशी आपण नेमके बरे असतो, छान आवरून गेलेलो असतो, आणि डॉक्टरांनाही समोरचं दिसतं तेवढंच दिसतं. तपासणीत दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरते आणि त्यावर कार्डावरच्या पट्ट्याचा रंग, 40 टक्क्यांच्या खाली पांढरा पट्टा, 40 ते 80 पिवळा, 80 च्या वर निळा. बहुतेक सवलती 40 पासून सुरू होतात.

कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, डिजिलॉकरमध्येही घ्या, पण मूळ कार्ड हाताला लागेल अशा खिशात हवं, बॅगेच्या तळाशी नको. गर्दीत बॅग उपसत बसलं की आधीच संशयाने बघणाऱ्याचा संशय पक्का होतो. आणि तिकीट किंवा पास काढलेला हवाच. रेल्वेची तिकिटातली सवलत हा वेगळा विषय आहे, तिचे प्रकार ठरलेले आहेत आणि तिची कागदपत्रंही वेगळी, तेव्हा यूडीआयडी आहे म्हणजे तिकीट कमी होणारच असं धरून चालू नका.

आणखी एक, लोकलच्या दिव्यांग डब्यात गरोदर बायका आणि कॅन्सरचे पेशंटही बसू शकतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. पहिल्या तीन महिन्यांत पोट दिसत नाही पण उलट्या आणि चक्कर तेव्हाच जास्त. केमो चालू असलेला माणूस खारघरच्या टाटाच्या कॅन्सर सेंटरला ठाणे-पनवेल गाडीने निघालेला असतो, डोक्यावर टोपी घातलेली असते त्यामुळे केस गेलेत हेही कळत नाही. दोघांनीही हॉस्पिटलची फाइल किंवा कार्ड हातातच ठेवावं.

गाडी निवडताना

ट्रान्स हार्बरच्या, म्हणजे ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या गाड्या ठाण्यातूनच सुटतात. थोडं लवकर पोचलं तर कुणाकडे काही न मागता बसायला मिळतं, आणि न मागता मिळालेली सीट ही सगळ्यात बिनतापाची. मेन लाइनला ठाण्याहून सुटणारी स्लो पकडा, कर्जत-कसाऱ्याहून भरून आलेल्या फास्टच्या मागे धावू नका, पंधरा मिनिटं उशीर परवडतो. ऑफिसला वेळ पुढेमागे करून मिळत असेल तर लेखी मागून घ्या. उकाड्याचा त्रास असेल तर एसी लोकलचं टाइमटेबल बघून ठेवा. शक्य असेल तर रोज तीच गाडी आणि तोच दरवाजा ठेवा, डब्यातले चेहरे ओळखीचे झाले की प्रश्न आपोआप कमी होतात, आणि एखाद दिवशी नवीन कुणी आवाज चढवला तर जुनेच लोक परस्पर सांगतात, "अहो त्या रोजच्या आहेत."

काय बोलायचं

हा भाग जरा सविस्तर लिहिते कारण खरी गाडी इथेच अडते. दिव्यांग डब्यात आपल्याला अडवणारे बहुतेक वेळा स्वतः दिव्यांग असतात, आणि ते का अडवतात हे समजून घ्या. संध्याकाळी त्या डब्यात धडधाकट लोक सर्रास घुसतात, रेल्वे कायद्याच्या कलम 155 खाली कारवाई होते पण रोज प्रत्येक गाडीत पोलीस नसतो, म्हणून मग पायाला आधाराचा कॅलिपर घातलेल्या माणसालाच दारात उभं राहून आपला डबा राखावा लागतो. त्याचा राग त्या घुसणाऱ्यांवर असतो आणि आपण त्यांच्यासारखे दिसतो.

एकदा संध्याकाळी असंच एका काकांनी दारातच हात आडवा घातला, "ओ ताई, हा हॅन्डिकॅपचा डबा आहे, लेडीज पुढे." मी म्हटलं, "काका, माझ्याकडे पण कार्ड आहे, दिव्यांगत्व दिसत नाही एवढंच," आणि कार्ड त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी कार्डावरची टक्केवारी बघितली, मग माझ्याकडे बघितलं, म्हणाले "काय झालंय?" मी म्हटलं "नसांचा त्रास आहे, उभं राहिलं की तोल जातो." एवढंच. त्यांनी हात काढला आणि आत ओरडून सांगितलं, "बसू द्या ओ, आपल्यातलीच आहे." मुलुंड जाईपर्यंत ते मला सांगत होते की गेल्याच आठवड्यात एका धडधाकट पोराने त्यांनाच ढकललं होतं.

म्हणून माझं मत असं, अधिकार नसला तरी दिव्यांग सहप्रवाशाला कार्ड आपणहून एकदा दाखवावं, त्यात कमीपणा नाही, ती आपल्याच माणसांशी ओळख आहे. पण जनरल डब्यात, बसमध्ये, रांगेत कुणी उगाच चौकशी करायला लागला तर त्याला कार्ड दाखवायची सवय लावू नका, नाहीतर दर स्टेशनला परीक्षा द्यावी लागेल. तिथे एकच वाक्य, शांतपणे, त्याच शब्दांत परत परत, "मला उभं राहता येत नाही, कार्ड आहे, टीसी आले की त्यांना दाखवेन." "कसला आजार?" "ते मी डॉक्टरांशी बोलते." आणि नजर खिडकीबाहेर. जास्त स्पष्टीकरण दिलं की समोरच्याला वाटतं अजून विचारायला जागा आहे.

सीट मागायची असेल तर सगळ्या डब्याला उद्देशून बोलू नका, सगळ्यांना सांगितलं की कुणीच उठत नाही. एका माणसाकडे बघा, "दादा, मला चक्कर येतेय, मला बसू देता का?" आजाराच्या नावापेक्षा हे लवकर पोचतं. एमएस म्हटलं तर समोरचा "म्हणजे काय" विचारतो, चक्कर म्हटलं तर उठतो. हिमोफिलियावाल्यांनी "मला धक्का लागला की सांध्यात रक्त उतरतं, जरा आत उभं राहू द्या" असं सरळ सांगावं, गर्दीतला साधा कोपरही त्यांना आठवडाभर घरी बसवू शकतो.

कमी दिसणाऱ्यांचा त्रास अजून वेगळा. हातात पांढरी काठी आणि डोळ्यांजवळ मोबाइल, की लगेच कुजबुज, "आंधळा आहे तर व्हॉट्सअॅप कसा वाचतो." काहींना समोरचं नळीतून बघितल्यासारखं तेवढंच दिसतं, अक्षर वाचता येतं पण बाजूने येणारा माणूस किंवा पायाखालची पायरी दिसत नाही. अशा वेळी सोबत कुणी असेल तर त्याने बोलावं, "त्यांना थोडं दिसतं, बाजूचं दिसत नाही," बास.

ऑटिझम असलेलं लेकरू घेऊन जाणाऱ्या आयांना सगळ्यात जास्त ऐकावं लागतं, "वळण नाही लावलं", "एक धपाटा द्या गप्प बसेल". तेव्हा सगळं लक्ष लेकराकडे द्या, कानावर हेडफोन, ओळखीची वस्तू हातात, आणि बोलणाऱ्याला एकदाच, "त्याला आवाजाचा त्रास होतो, पाच मिनिटांत शांत होईल, तुम्ही जरा जागा द्या." माणसाला करायला काम दिलं की त्याचं बोलणं थांबतं. सुरुवात रविवारी दुपारच्या रिकाम्या गाडीने करा, एक-दोन स्टेशनांचाच प्रवास.

बस, एसटी, विमान

टीएमटी आणि एनएमएमटीत, म्हणजे ठाण्याच्या आणि नवी मुंबईच्या शहर बसमध्ये, राखीव सीटवर कुणी बसलं असेल तर स्वतः भांडू नका, तिकीट काढतानाच कंडक्टरला हळू सांगा, उठवायचं काम तो करेल. एसटीत 40 टक्के आणि वर दिव्यांगत्व असेल तर तिकिटात 75 टक्के सवलत आहे, पैसे काढायच्या आधी कार्ड पुढे करा, म्हणजे सगळ्या बससमोर वरून खालपर्यंत न्याहाळणं होत नाही.

विमानाने जायचं असेल तर मदत हवी हे एअरलाइनला 48 तास आधी कळवून ठेवा. व्हीलचेअर घेतली आणि मग टॉयलेटला चालत गेलात तर लोक बघतील, बघू द्या, लांब चालता येत नाही आणि अजिबात चालता येत नाही यात फरक असतो. पोटाला स्टोमाची पिशवी (शौच किंवा लघवी जमा होण्यासाठी लावलेली) असेल किंवा इन्सुलिन पंप असेल तर सिक्युरिटीला अंगाला हात लावायच्या आधीच सांगा आणि तपासणी पडद्याआड, वेगळ्या जागी करा म्हणून मागा. काही एअरपोर्टवर सूर्यफुलाचं चित्र असलेली हिरवी गळपट्टी मिळते, न दिसणाऱ्या दिव्यांगत्वाची ती खूण आहे, 2016 मध्ये लंडनच्या गॅटविकला सुरू झाली आणि आपल्याकडे 2022 मध्ये बंगळुरू एअरपोर्टने घेतली. निघण्याआधी आपल्या एअरपोर्टला फोन करून विचारा.

प्रकरण हाताबाहेर गेलं तर

चालत्या गाडीत दाराजवळ वाद नको, आधी आत सरका, जीव महत्त्वाचा. मग वेळ, कुठली गाडी, कुठलं स्टेशन गेलं, आणि डब्यात भिंतीवर रंगवलेला कोच नंबर टिपून घ्या. 139 वर फोन करा किंवा रेलमदद अॅपवर तक्रार टाका, कुणी अंगावर आलं तर रेल्वे पोलिसांचा 1512. तक्रार नंबर जपून ठेवा. बाजूच्या एखाद्या माणसाला तिथल्या तिथे विचारा, "तुम्ही ऐकलंत ना? नंबर द्याल का?" नंतर साक्षीदार शोधून सापडत नाही.

चारचौघांत दिव्यांग माणसाचा हेतुपुरस्सर अपमान करणं किंवा धमकावणं हा 2016 च्या कायद्याच्या कलम 92 खाली गुन्हा आहे, सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. पण हे कलम मी प्रत्येक टोमण्यावर काढा असं म्हणणार नाही. अज्ञानातून विचारणारा वेगळा आणि ठरवून पाणउतारा करणारा वेगळा, दुसऱ्याला मात्र सोडू नका. पोलिसांनी दाद दिली नाही तर राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त पुण्याला आहेत, त्यांच्याकडे लेखी अर्ज करता येतो. खोटं कार्ड वापरून लाभ घेणाऱ्यांसाठीही याच कायद्यात कलम 91 आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, म्हणजे खोटे लोक पकडायची सोय कायद्याने केलेली आहे, ते काम डब्यातल्या प्रवाशांनी आपल्यावर संशय घेऊन करायची गरज नाही.

घरच्यांनाही एक सांगणं आहे. "कुणाला सांगू नकोस, लग्नाचं बघायचंय अजून" असं म्हणून कार्डच काढू देत नाहीत बरीच घरं. मग ती मुलगी रोज उभी राहून वाशीला जाते आणि घरी येऊन कोसळते. तिला कार्ड काढू द्या, आणि पहिल्या वेळी डब्यात तिच्याबरोबर जा. आधी एखाद्या दुपारी नुसतं स्टेशनवर जाऊन दिव्यांग डबा फलाटावर कुठे थांबतो, लिफ्ट कुठल्या टोकाला आहे, तिथून डब्यापर्यंत किती चालावं लागतं हे बघून या, बारा डब्यांची आणि पंधरा डब्यांची गाडी वेगळ्या जागी थांबते तेही लक्षात ठेवा. कार्ड तात्पुरतं असेल तर त्यावर मुदत लिहिलेली असते, ती संपायच्या दोन-तीन महिने आधीच नवीन अर्ज टाका, तपासणीची तारीख मिळायला वेळ लागतो आणि मुदत संपलेलं कार्ड टीसीपुढे चालत नाही.