फिरता बार्बेक्यू : पुण्यात छोटा केटरिंग व्यवसाय सुरू करताना

सोसायटीच्या गच्चीवरचा वाढदिवस असो, कंपनीतल्या मंडळींचे स्नेहसंमेलन असो किंवा पवना धरणाच्या परिसरातील एखाद्या फार्महाऊसवरचा मुक्काम असो, तिथे सिगडी घेऊन जायचे आणि पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत भाजून गरमागरम वाढायचे, हा व्यवसाय तुलनेने थोड्या भांडवलात उभा राहतो. नवखा माणूस मात्र सर्वांत आधी पंचवीस पदार्थांचे मेनूकार्ड छापून घेतो आणि खरा हिशेब बाजूला पडतो. तो हिशेब सिगडीच्या लांबीचा आहे.

तीन फूट लांब आणि एक फूट रुंद सिगडीवर साधारण पंधरा सळया शेजारी शेजारी मावतात आणि प्रत्येक सळईवर सहा तुकडे बसतात, म्हणजे एका घाण्यात नव्वद तुकडे निघतात. बोनलेस चिकन चांगल्या निखाऱ्यावर दहा ते बारा मिनिटे घेते. सळया चढवणे-उतरवणे धरून पंधरा मिनिटांचा एक घाणा मानला, तर तासाभरात तीनशे साठ तुकड्यांच्या पुढे ती सिगडी जाऊ शकत नाही. आपल्याकडे साडेसातचे निमंत्रण असले तरी माणसे सव्वाआठला आणि तीही एकदम येतात, आणि पहिल्या तासातच माणशी पाच-सहा तुकडे सहज संपवतात. त्यामुळे एका सिगडीवर साठपेक्षा जास्त पाहुण्यांची ऑर्डर घेणे म्हणजे रिकाम्या ताटल्या हातात धरलेली रांग आपणच उभी करणे होय. माणसे जास्त असतील तर दुसरी सिगडी आणि दुसरा भाजणारा हवा. पदार्थ वाढवून हा प्रश्न सुटत नाही, उलट चिघळतो. सुरुवातीला मांसाहारी दोन, शाकाहारी तीन आणि सोबत चटणी, कांदा, रुमाली रोटी एवढे पुरेसे आहे.

सिगडी तयार विकत घेण्यापेक्षा भोसरीच्या औद्योगिक परिसरातील एखाद्या फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलेली बरी, कारण उंची, पायांची घडी आणि निखाऱ्यापासून सळईचे अंतर आपल्या हाताप्रमाणे ठरवता येते. पत्रा तीन मिलिमीटरचा घ्यावा, पातळ पत्रा काही दिवसांत वाकडा होतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा कितीही स्वस्त मिळाला तरी तो घेऊ नये, कारण तापल्यावर त्यातून निघणारा धूर अपायकारक असतो. चिमटे, पातेली, झाकणाचे डबे यांसाठी रविवार पेठेतील बोहरी आळीत एक फेरी मारली की बहुतेक काम होते.

शाकाहारी पदार्थांची सिगडी पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवावी. वेगळ्या सळया, वेगळा सुरी-पाट, तेल लावायचा वेगळा ब्रश आणि शक्य असल्यास वेगळा माणूस, हे पुण्यात ऐच्छिक नाही. एकाच जाळीवर पनीर आणि चिकन दिसले की अर्धे पाहुणे हात आखडतात आणि यजमानाला ते आयुष्यभर लक्षात राहते. शाकाहारी सळयांच्या मुठींना हिरवा रंग दिल्यास गर्दीतही घोळ होत नाही. जैन पाहुणे आहेत का, हे ऑर्डर घेतानाच विचारावे, म्हणजे कांदा-लसूण नसलेले मसाल्याचे भांडे आदल्या दिवशीच बाजूला काढता येते.

कोळसा लाकडाचा, घट्ट आणि कोरडा हवा. भवानी पेठेतील लाकूड बाजाराकडून प्लायवूडचे किंवा रंगवलेल्या फळ्यांचे तुकडे फुकटात मिळाले तरी ते जाळू नयेत, कारण त्यातील डिंक आणि रंग थेट अन्नात उतरतात. रॉकेल ओतून पेटवलेल्या कोळशाचा वास पहिल्या दोन घाण्यांना लागतोच. त्याऐवजी भोके पाडलेल्या पत्र्याच्या उभ्या डब्यात खाली कागद आणि वर कोळसा भरून पेटवावा. वाढायच्या वेळेआधी किमान अर्धा तास ही तयारी सुरू झाली पाहिजे, कारण कोळशावर राखेचा पांढुरका थर धरल्याशिवाय त्यावर काही ठेवू नये. ज्वाळेवर बाहेरून काळे आणि आतून कच्चे चिकन तयार होते. निखारे एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ पसरावेत, म्हणजे झालेल्या सळया विरळ बाजूला सरकवून गरम ठेवता येतात.

चाळीस माणसांसाठी माणशी दीडशे ग्रॅम धरले तर सहा किलो बोनलेस चिकन लागते आणि तीस ग्रॅमचा तुकडा धरल्यास त्यातून दोनशे तुकडे निघतात. भाजताना वजन साधारण पाव हिश्श्याने घटते, हे ग्राहकाला आधीच सांगावे. मुरवलेले चिकन पाच अंश सेल्सिअसच्या खाली राहील असे बर्फाच्या पेटीत न्यावे आणि एका घाण्यापुरतेच बाहेर काढावे. तुकड्याच्या मध्यभागी पंचाहत्तर अंश तापमान आले की तो झाला. यासाठी टोचायचा थर्मामीटर घ्यावा, अंदाजावर राहू नये. कच्च्या चिकनचे पाणी ज्यात उरले तो मसाला चटणी म्हणून किंवा भाजलेल्या तुकड्यांवर लावण्यासाठी कधीही वापरू नये.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे असले तरी अवघड नाही. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ नुसार नोंदणी किंवा परवाना लागतो. त्यासाठीचा अर्ज केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या फॉस्कॉस या संकेतस्थळावर करता येतो आणि मिळालेला चौदा अंकी क्रमांक बिलावर छापावा लागतो. तयारी घरच्या स्वयंपाकघरात होणार असेल तर नोंदणी त्याच पत्त्यावर करावी. दहापेक्षा कमी कामगार असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त व्यवसाय सुरू केल्याची सूचना द्यावी लागते. गॅसची शेगडी सोबत नेणार असाल तर १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडरच न्यावा. घरगुती लाल सिलिंडर कामाच्या ठिकाणी सापडला तर कारवाई होऊ शकते. रस्त्याच्या कडेला उभे राहून विक्री करणे हा निराळा विषय असून त्याला पथविक्रेत्यांचे नियम लागू होतात, त्यामुळे रिकाम्या दिवशी छोटा हत्ती (छोटा टेम्पो) चौकात लावून धंदा करू, असा बेत आखू नये.

ऑर्डर पक्की करण्याआधी जागा स्वतः पाहून यावी. गच्ची असेल तर सोसायटीची लेखी परवानगी, लिफ्टमधून सिगडी जाते की नाही आणि वाऱ्याची दिशा या तीन गोष्टी तपासाव्यात. पाऊस आला की यजमान हमखास म्हणतात, "दादा, हॉलमध्येच लावा की सिगडी." याला ठाम नकार द्यावा, कारण बंद जागेत पेटता कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो आणि त्याला वास नसल्याने धोका कळेपर्यंत माणूस बेशुद्ध पडतो. मांडवाच्या कापडापासून सिगडी दूर ठेवावी, वाळूची बादली आणि अग्निशामक नळकांडे हाताशी असावे. उरलेले निखारे वरून विझलेले दिसले तरी आत तासन्‌तास धगधगत राहतात, म्हणून ते झाकणाच्या लोखंडी डब्यात भरून सोबत परत न्यावेत, सोसायटीच्या कचराकुंडीत टाकू नयेत.

दर ठरवताना फक्त चिकन-पनीरचा खर्च धरणारे लोक दोन-तीन महिन्यांत थकतात. कोळसा, बर्फ, गाडीभाडे, दोन मदतनिसांची मजुरी आणि दुसऱ्या दिवशीची सफाई हे खर्च वीस माणसांच्या ऑर्डरला आणि पन्नास माणसांच्या ऑर्डरला जवळपास सारखेच येतात, म्हणून किमान तीस प्लेटची अट ठेवावी किंवा त्याखाली ठोक रक्कम सांगावी. निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी आणि उरलेली शेवटची सळई उतरण्याआधी मागावी. पाहुण्यांचा अंतिम आकडा दोन दिवस आधी व्हॉट्सॲपवर लेखी मागवावा. त्याहून जास्त माणसे आली तर प्रत्येक प्लेटचे पैसे वेगळे लागतील, हे त्याच संदेशात लिहावे.

वर्षाचे गणितही आधीच मांडून ठेवावे. आषाढाच्या शेवटी गटारीला फोन थांबत नाही आणि श्रावण लागताच तो वाजेनासा होतो. गणपती, पितृपक्ष आणि नवरात्र धरले तर मांसाहारी ऑर्डरी दसऱ्यापर्यंत तुरळकच असतात. या काळात पनीर, मशरूम, मक्याचे कणीस आणि अननस यांचा शाकाहारी मेनू स्वतंत्र दराने चालवावा. डिसेंबर-जानेवारीत थंडी आणि हुरड्याच्या सहली एकत्र येतात, आणि ३१ डिसेंबरची तारीख तर दिवाळीतच भरते. त्या रात्रीसाठी मदतनीस आणि गाडी दोन्ही नोव्हेंबरमध्येच ठरवून ठेवावीत.